एकशे एक्कावन्न ताटं आणि एक पातेलं

शिवरे,
संक्रांत, दुपारी दोनचा सुमार (गिऱ्हाईक पातळ)

आईच्या मागं जिच्या पाया पडावं अशी तू एकटीच राहिलीस, त्या चंद्राअक्काला धाकट्या हनुमंताचा दंडवत. हितं मी, मंगल, इंद्रजित, सूनबाई आणि नात कोमल असे सगळे धडधाकट आहोत. तुझ्या गुडघ्यांचं कसं काय? मागं पाठवलेलं तेल तू लावतेस, की दाजी ते आपल्याच पायांना चोळून गडावर जाणाऱ्या पोरांना वाट दाखवत हिंडतात? दाजींना रामराम सांग, सोनिया सूनबाईला आशीर्वाद सांग. म्हैस व्याली का आणि काय झालं तेही कळव. तुझ्या सासूच्या, म्हणजे आत्याबाईंच्या तब्येतीचं मी विचारत नाही, कारण नव्वदी ओलांडल्यापासून त्यांची तब्येत जो विचारतो त्याचीच त्या काढतात. त्यांना डोळे दाखवायला न्यायचं चाललं होतं, ते दाजींनी मनावर घेतलं का? सोबत तिळगुळाचा डबा आहे. गोड तोंडानं वाच म्हणून पत्राच्या आधी तो उघड. डबा मात्र परत पाठव, त्याच्यावर मंगलचं नाव आहे.

तू म्हणशील, खिशात दोन-दोन मोबाईल असणाऱ्या माणसाला कागद काळे करायची हौस कुठून आली. अक्का, अडचण मोबाईलमध्ये नाही, तुझ्यात आहे. तू फोन उचललास की आधी स्पीकर लावतेस, मग तो कट्ट्यावर ठेवतेस आणि मग 'बोल' म्हणतेस. तोवर घरातली चार, शेजारची दोन आणि गड उतरून पाणी प्यायला थांबलेली पुण्याची पोरं अशी सभा भरलेली असते. मागच्या दिवाळीत मंगलच्या भावाविषयी मी दोन खरे शब्द बोललो. ते शब्द तुझ्या पालीहून निघून संध्याकाळच्या एसटीनं शिवऱ्याला उतरले आणि जेवणात मला भाकरीबरोबर वाढले गेले. म्हणून हे पत्र. तुमच्याकडं फेऱ्या मारणाऱ्या कुमारच्या जीपमधून पाठवतोय. कुमारला वाचता येतं, पण माझं अक्षर वाचता येत नाही, याची मी खात्री करून घेतली आहे. तू चौथी पास आहेस, तीही पहिल्या नंबरानं (वर्गात दोघीच होतात, तरी नंबर तो नंबर). तेव्हा चष्मा लाव, गोठ्यात जा आणि मनात वाच. सोनियाला वाचायला देऊ नकोस. पोरगी गुणाची आहे, पण आवाज माझ्यासारखाच फाट्यावरचा आहे. आणि आत्याबाईंच्या तर सावलीतसुद्धा हे पत्र उघडू नकोस. तुझ्याकडून एक परवानगी हवी आहे, वीस तारखेच्या आत हवी आहे आणि ती त्या पातेल्याबद्दल आहे. कुठलं पातेलं, ते तुला सांगायला नको.

पण सुरुवात पातेल्यापासून झाली नाही, एका इंग्रजी शब्दापासून झाली. आपली कोमल सातवीत आहे, नसरापूरला इंग्रजी शाळेत जाते. त्या शाळेत दर शनिवारी दहा शब्द देतात. अर्थ पाठ करायचा आणि प्रत्येक शब्दाचं एक वाक्य करायचं. दिवाळीनंतरच्या एका यादीत सातव्या नंबरला शब्द आला, फिलँथ्रॉपिस्ट. लोकांच्या भल्यासाठी सढळ हातानं देणारा माणूस. बाकीच्या पोरांनी वाक्यात पुस्तकातली मोठी नावं घातली. आपल्या कोमलनं लिहिलं की माझे आजोबा फिलँथ्रॉपिस्ट आहेत. (मी वस्तीवरच्या शाळेला जेवणाची शेड बांधून देतोय ना, ते तिच्या डोक्यात असणार.) तिच्या बाईंनी त्यावर बरोबरची खूण केली आणि शेजारी लाल शाईनं एक तारा काढला. अक्का, मला आजवर पंचायतीनं नारळ दिला, मंडळांनी शाली दिल्या, एका पुढाऱ्यानं स्वतःचाच फोटो दिला. पण लाल शाईचा तारा पहिल्यांदा मिळाला. माझ्या वहीत लाल शाई कुठल्या कामाला यायची ते तुला ठाऊक आहे, तूच ती पानं फाडून चुलीत घालायचीस. त्या ताऱ्याच्या पानाचा फोटो मोठा करून मी हॉटेलात गल्ल्याच्या वर, लायसनच्या शेजारी लावला आहे. लायसन थोडं खाली सरकवावं लागलं.

आता एवढी पदवी घरात आल्यावर ती आपल्याला म्हणता तरी यायला पाहिजे. मी आयुष्यात जे शिकलो ते कानानं शिकलो. मोटारीचं दार कसं लागलं यावरून मी सांगतो की हा माणूस मिसळ खाणार की नुसता बाथरूमला जाऊन येणार. ट्रकवाल्यांकडून कानडी शिकलो, गुजराती शिकलो, 'उसळ तिखट आहे' हे मी पाच भाषांत सांगतो आणि पाचही भाषांत लोक ऐकत नाहीत. पण हा शब्द कानात सरळ गेला आणि तोंडातून निघेना. मग मला आपली जुनी युक्ती आठवली. फाट्यावर शेंगा विकत असताना कंडक्टरच्या आरोळीवरून मी गावं पाठ केली होती, कापूरहोळ, किकवी, सारोळा, शिरवळ. तसे या शब्दाचे चार स्टॉप केले. फि, लँ, थ्रॉ, पिस्ट. पहिले दोन सपाटीचे. तिसऱ्याला मात्र खंबाटकीचा घाट लागतो, तिथं माझी जीभ रोज गरम होऊन बंद पडायची. आठ दिवस मी गल्ल्यावर बसून आरोळी देत होतो. एका ट्रकवाल्यानं भजी खाऊन झाल्यावर सांगितलं, 'सेठ, वो भी एक प्लेट दे दो.' नवव्या दिवशी घाट चढलो. मंगल म्हणाली, 'आता गप बसा, म्हशी दूध चोरायला लागल्यात.' पण तिलाही आला शब्द. माझ्याआधीच आला होता, ते तिनं नंतर सांगितलं.

शब्द तोंडात बसला आणि मी उतावीळ झालो. शेडबरोबर पोरांना जेवायला स्टीलची ताटं द्यायची ठरली होती, एकशे एक्कावन्न. भांडं द्यायचं आणि त्याच्यावर नाव घालायचं नाही, हे आपल्यात कधी झालंय का? नाव नसलेलं भांडं आणि आडनाव नसलेला जावई, दोन्ही कुणी घरात घेत नाही. तर मी नसरापूरला नावं घालणाऱ्या मानसिंगकडे ताटं टाकली आणि चिठ्ठीवर लिहून दिलं, 'फिलँथ्रॉपिस्ट हनुमंतराव सोनबा, मु. शिवरे, यांजकडून सप्रेम भेट.' मानसिंगनं चिठ्ठी लांब धरून पाहिली, जवळ धरून पाहिली आणि विचारलं, 'शेठ, दोघं भाऊ मिळून देताय का?' मी सांगितलं, ती पदवी आहे. तो म्हणाला, 'पदवी काठावर मावत न्हाई, ताटाच्या मधी घ्यावी लागंल.' मी म्हटलं घे. पुढचे पाच दिवस त्याच्या दुकानातून दाताच्या डॉक्टरसारखा आवाज येत होता. शंभराव्या ताटानंतर त्याच्या हाताला कंप सुटला. त्यामुळं शेवटच्या एक्कावन्न ताटांवर माझं नाव थोडं थंडी वाजल्यासारखं आलं आहे. पण शब्द सगळीकडे पुरा आहे, एकही स्टॉप गाळलेला नाही.

तोवर शब्द गावभर झाला होता. (मानसिंगचं दुकान म्हणजे तुझा स्पीकर.) आणि अक्का, पदवी फुकट मिळत नाही ग. आधी लोक मला 'शेठ' म्हणायचे तेव्हा नुसता चहा मागायचे. आता कुणाला मांडवाला ताडपत्री हवी, कुणाला सिलेंडर हवा, भजनी मंडळाला सतरंजी हवी. एक दिवस वरच्या वाडीवरचा हैबती आला, मेंढरंवाला. दारात उभा राहून म्हणाला, 'मला त्यो सबूद म्हनाया येत न्हाई. पर तुमी त्येच हायसा आसं आयकलं. टेंपो पायजे.' त्याची पंचवीस मेंढरं आजारी होती, डॉक्टरकडं न्यायची होती. नाही कसं म्हणणार, गल्ल्यावर तारा लावलेला. दिला टेंपो. मेंढरं बरी झाली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच टेंपोतून एका लग्नाचं रुखवत न्यायचं होतं आणि धुवायला वेळ मिळाला नाही. सामान उतरवताना पाहुण्यांना वाटलं बुंदी सांडली आहे. मी तसंच वाटू दिलं.

हे सगळं मी कौतुकानं सांगतोय, तक्रार म्हणून नाही. खरं सांगतो, मला अभिमान वाटतो. फाट्यावर उघड्या पायांनी बसच्या मागं पळणारा पोरगा मी, आणि आज माझ्या दारात माणसं मागायला येतात आणि त्यांना देता येतं. हा अभिमान मी तुझ्यापाशी नाही बोलून दाखवायचा तर कुणापाशी? गावात बोललो तर ताडपत्र्या वाढतात.

मागच्या आठवड्यात ताटं शाळेत पोचली. शेड अजून अर्धी आहे, पण ताटं मांडून पोरांना खिचडी वाढली आणि मला पंगतीला बसवलं. मी मान ताठ करून बसलो, आता पोरं वाचणार म्हणून. पण नाव ताटाच्या मध्ये, आणि खिचडी नावाच्या वर. कुणाला काही दिसेना. मग तिसरीतली एक पोरगी सगळ्यात आधी जेवण उरकून ओरडली, 'बाई, खाल्लं की खाली अक्षरं निघत्यात.' झालं. सगळी पोरं नाव बघायला भराभर ताट साफ करायला लागली. शाळेच्या शेफाली मॅडम म्हणाल्या, आमच्या शाळेत इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणी खिचडी टाकली नाही. मी तिथंच ठरवलं की मानसिंगला एक शाल द्यायची. मी मॅडमना हळूच विचारलंही, की या शब्दाच्या माणसानं नाव घालायचं असतं की नसतं, पुस्तकात काही नियम दिलाय का? त्या हसल्या. म्हणाल्या, 'पुस्तकात तेवढं नाही काका, ते देणाऱ्यावर सोडलंय.' माझ्या तीक्ष्ण कानांना त्या हसण्यात जरा काहीतरी ऐकू आलं. पण मी खिचडी आणखी मागितली आणि विषय झाकला.

आता पातेलं. शेडच्या भिंतीत एक संगमरवरी दगड बसवायचा आहे. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की त्याच्यावरचा पडदा ओढायचा. दगडावरची अक्षरंही मानसिंगच काढतो आणि त्याला मजकूर वीस तारखेच्या आत पाहिजे. मी मजकूर लिहायला बसलो होतो आणि शेजारी कोमल चिंच घेऊन पितळ घासत होती, संक्रांतीचं. गल्ल्यामागच्या फळीवर गणपतीशेजारी आपलं ते पातेलं असतं, तेही तिनं उतरवलं. घासता घासता मला म्हणाली, आजोबा, सगळं पातेलं लखलखतंय, पण काठाखाली हितं एवढी जागा आंधळी का? आणि हितं एक ठिपका आहे, तो कसला? अक्का, तुझ्या 'चं' वरचं टिंब. सगळं नाव गेलं, टिंब राहिलं. सेहेचाळीस वर्षं मी ते पातेलं रोज बघतोय, मला ते कधी दिसलं नाही.

मग मी तिला सांगितलं. तुला सगळं ठाऊक आहे, पण तिला सांगितलं तसंच हितं लिहितो, म्हणजे मी कुठं फुगवलं असेल तर तू सांगशील. मी सोळा वर्षांचा होतो. भाजलेल्या शेंगा फाट्यावर तिघंजण विकत होते, उकडलेल्या कुणी विकत नव्हतं, हे मी आठ दिवस कान देऊन ऐकलं होतं. पण उकडायला मोठं भांडं पाहिजे आणि आपल्या घरात सगळ्यात मोठं भांडं म्हणजे आंघोळीची बादली. तू पंचमीला माहेरी आलीस आणि येताना लग्नात मामानं दिलेलं पितळी पातेलं घेऊन आलीस, लुगड्यात गुंडाळून. म्हणालीस, मला दुसरं हाय. (दुसरं नव्हतं, ते मला दाजींनी वीस वर्षांनी सांगितलं.) सासरी जाऊन सांगितलंस की भांडी घासताना गुंजवणी नदीच्या लोंढ्यात पातेलं वाहून गेलं. आणि मला बजावलंस की आत्याबाई बाजारला नसरापूरला येतात, त्यांनी नाव बघितलं तर माझं काही खरं नाही, आधी नाव घासून टाक. मी विटेचा तुकडा घेऊन ओढ्यावर चार दिवस घासत बसलो. पाचव्या दिवशी त्यात शेंगा उकडल्या, वरून गोणपाट झाकलं, कारण झाकण तुझ्याकडंच राहिलं होतं. त्या शेंगांतून चहाची गाडी झाली, गाडीतून हॉटेल झालं, हॉटेलातून दोन टेंपो झाले. आणि तिकडं तुला आत्याबाई वर्षानुवर्षं बोलत राहिल्या, की हिच्या माहेरात नदीची ओटी भरायलासुद्धा पातेलं लागतं.

कोमलनं सगळं ऐकलं. मग तिनं एकच विचारलं, आजोबा, मग माझं वाक्य चुकलं का? मी म्हटलं, का ग? म्हणाली, तुमी ताटांवर नाव घातलंत. तिनं तर आपलं होतं ते काढायला लावलं.

लाल शाईच्या ताऱ्याखाली बसून हे ऐकणं सोपं नाही. पण मी धंदेवाला माणूस आहे, कुणी बरोबर बोललं की मला लगेच कळतं आणि मी हुज्जत घालत नाही. मी मजकुराचा कागद खोडला. दगडावर तुझं नाव घालायचं, त्या शब्दासकट, आणि खाली लहान अक्षरात पातेल्याची हकीकत, हे मी ठरवलं आहे. पण ठरवून चालत नाही. पडदा ओढला की तिथं सगळा गाव असणार, पालीहून तुमी सगळे येणार, आणि सेहेचाळीस वर्षं जे पातेलं गुंजवणीत आहे ते एकदम शिवऱ्याच्या भिंतीत निघणार. आत्याबाई अजून खणखणीत आहेत. या वयात तुझी तिथं सर्वांदेखत उलटतपासणी झाली तर मला तो दगड गळ्यात बांधून घ्यावासा वाटेल. म्हणून तुझी परवानगी पाहिजे. तू नको म्हणालीस तर दगडावर नुसतं 'शाळेची शेड' एवढंच घालतो आणि माझं नाव ताटांवर आहे तेवढं पुरे.

काय ते नीट विचार करून, पण वीस तारखेच्या आत कळव. गुडघ्यांना तेल लाव. दाजींच्या हाताला लागू देऊ नकोस.

तुझ्या पातेल्यावर मोठा झालेला,
हनुमंत

ता. क. : कुमारची जीप संक्रांतीला पाहुणे घेऊन भलतीकडंच गेली म्हणून हे पत्र दोन दिवस गल्ल्यातच पडून राहिलं, आणि बरं झालं. काल दाजी आत्याबाईंना डोळे दाखवून परत नेताना हितं थांबले होते, हे तुला ठाऊकच असेल. पण दाजी इंद्रजितबरोबर गाडीचं चाक दाखवायला गेले तेव्हा काय झालं, ते तुला ठाऊक नाही. आत्याबाईंच्या डोळ्यांत औषध घातलेलं, समोरचं सगळं धुकं. मी त्यांना गल्ल्याशेजारी खुर्ची दिली. पातेलं तिथंच होतं, कोमलनं घासून ठेवलेलं. त्यांनी आधाराला हात टेकला तो नेमका त्याच्यावर. अंगठा काठावरून फिरला, खाली आला आणि पोचा आहे तिथं थांबला. म्हणाल्या, 'हनुमंता, ह्ये अजून हाय व्हय?' मी म्हटलं, कुठलं, हे होय, हे मोडीत घेतलं. तर म्हणाल्या, 'गप. ह्यो पोचा माझ्या हातनं पडलाय. चंद्रा नवी नवरी आस्ताना, उंबऱ्यावर.' माझ्या तोंडून एकही स्टॉप निघेना. मग त्यांनी आंधळ्या जागेवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, 'नाव येवढं घासलंस कशापायी? मला वाचाया कुठं येतंय?'

अक्का, चार दिवस. विटेनं. ओढ्यावर.

त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. म्हणाल्या, भांडी घासायला नदीवर जाणारी बाई झाकण घरी ठेवून जात नाही, तिथंच मला कळलं. मग बाजारला त्यांनी माझ्या शेंगांचं पातेलं बघितलं आणि पोच्यावरून ओळखलं. तुला आठवतं, मी तुझ्याकडे तक्रार करायचो, की तुझी सासू दर बाजारला येते, माप भरून घेते आणि वरून एक मूठ फुकट उचलते? मी तोंड वाकडं करायचो, तेही त्यांनी बघितलं होतं. मी विचारलं, मग अक्काला इतकी वर्षं बोलत का राहिलात? तर म्हणाल्या, 'बोलले नसते तर तिला कळलं आसतं म्हातारीनं वळखलं. मंग पुढल्या टायमाला भावाला काय द्याया भ्याली आसती.' तेव्हा दर सुगीला तू पदराखालून मला पाठवत होतीस ते तांदूळही त्यांच्या हिशेबात होते, असं धर. मी त्यांना शेंगांची पुडी दिली. त्यांनी ती घेतली आणि वरून एक मूठ उचलली.

ता. क. दुसरा : निघताना त्यांनी मला पातेल्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली, की चंद्राला यातलं काही सांगायचं नाही. तिचं लपवलेलं आहे ते लपवलेलं राहू दे, म्हणाल्या, तेवढंच तिचं स्वतःचं आहे. शपथ मी मोडणारा माणूस नाही, म्हणून तुला सांगत नाही, फक्त लिहितो. पाच पानं लिहून झाली होती, ती फाडायचं जिवावर आलं, म्हणून आधीचं सगळं तसंच ठेवलं आहे. परवानगीचं आता तूच बघ. सव्वीस तारखेला आत्याबाईंना तुझ्याशेजारच्या खुर्चीवर बसवतो. दगडावर काय लिहिलंय ते त्या तुलाच विचारणार. वाचून दाखवायचं का नाही, ते तू ठरव. वाचलंस तर त्या 'आगं बाई, व्हय का?' म्हणतील आणि आत्ताच कळल्यासारखं तोंड करतील. तूही तसंच तोंड कर. दोघींना सराव आहे. (कोमलला विचारलं, त्या शब्दाचं अनेकवचन होतं का. होतं म्हणाली. मानसिंगला अजून सांगितलेलं नाही.)

आणि कुणी काहीही म्हणो, माझ्या ताटांवरचं नाव मी घासून काढू देणार नाही. पोरं खिचडी संपवतायत.

ता. क. शेवटचा : एवढ्या सगळ्यात मुख्य काम राहिलंच. तुझ्या घरी दुधाच्या भांड्यावर जे पितळी झाकण असतं, ते त्या पातेल्याचं. त्याच्यावर मामानं घातलेलं तुझं नाव अजून जसंच्या तसं आहे, कारण ते माझ्या विटेच्या तावडीत कधी सापडलं नाही. दगडावर तुझं नाव त्याच अक्षरात यावं असं माझ्या मनात आहे आणि मानसिंगला नमुना पाहिजे. तेव्हा होय असेल तर काही लिहू नकोस, फोन तर मुळीच करू नकोस, नुसतं झाकण कुमारच्या हाती पाठव. मी समजून घेईन. दुधावर तोवर ताट ठेव. आणि मंगलचा डबाही त्याच्याबरोबर पाठव, डब्याचं लिहिलं का म्हणून ती सकाळपासून दोनदा विचारून गेली.